भरड्यात गुलाबी टरफलं, पिल्लं लंगडतायत

प्रश्न: ब्रॉयलर तीन आठवड्यांचे. खाद्य बदलल्यापासून बसूनच राहतात, उठवलं तर पंख टेकत चालतात. भरड्यात मक्याची गुलाबी टरफलं दिसली. काय असेल?

– दादा, हा रंग बीजप्रक्रियेचा, म्हणजे पेरायच्या बियाण्याला लावतात त्या औषधाचा वाटतोय. त्यात थायरम हे बुरशीनाशक असेल तर नडगीच्या वरच्या टोकाची कूर्चा (कच्चं, मऊ हाड) पक्क्या हाडात बदलत नाही, तिथल्या रक्तवाहिन्याच मरतात. मेलेल्या पिल्लाचं ते टोक उभं चिरा, पांढरट गोळा दिसेल.

– मुडदूसही असंच दिसतं बरं का. त्यात हाड रबरासारखं वाकतं. ड३ जीवनसत्त्व तपासा.

– कॅल्शियम पाजत बसू नका. खाद्य आधी बंद, नमुना राखून ठेवा. पशुवैद्यांना विचारल्याशिवाय पक्षी विकू नका, त्या औषधाचे अवशेष मांसात असू शकतात.

– (प्रश्नकर्ता) चिरलं. गोळा आहे. पुरवठादार म्हणतो, "रंगाने काय होतंय?"