नवी भाषा शिकवताना मोठ्या संख्या प्रत्येक बेसमध्ये तपासून घ्याव्यात का?

मिऱ्याबंदर:
दर शनिवारी रत्नागिरीत आम्ही चारपाच जण कॉलेजच्या पोरांकडून कोडिंग करून घेतो. भाषा कुठलीही असो, माझा पहिला अभ्यास ठरलेला: एकच मोठी संख्या दशमान, हेक्स (१६ चा बेस), ऑक्टल (८ चा) आणि बायनरीत (२ चा) लिहा, चारही एकमेकांशी ताडून बघा, मग एकाने वाढवून पुन्हा बघा. परवा आमच्यातल्याच एकाने ‘हा टाइमपास बंद कर’ म्हणून सुनावलं. म्हणून इथे विचारतोय. (फोनवर मराठी कीबोर्ड आहे, त्यामुळे कोडही देवनागरीत. चालवून घ्या.)

जावा घ्या. इंटमध्ये, म्हणजे ३२ बिटांच्या पूर्णांकात, २१४७४८३६४७ पर्यंत मावतं. तिथे ४२९४९६७२९५ लिहिलंत तर कंपायलर दारातच अडवतो. तीच संख्या हेक्समध्ये, ०एक्स आणि पुढे आठ एफ अशी लिहा. मुकाट्याने घेतो आणि तिची किंमत धरतो उणे एक. हेक्स, ऑक्टल, बायनरीत ३२ बिटं भरेपर्यंत सगळं चालतं, आणि सगळ्यात वरचं बिट चिन्हाचं असतं. दशमानाला ही सवलत नाही. आता चल लाँग (६४ बिटांचा) करा आणि तेच आठ एफ शेवटी एल (लाँगची खूण) न लावता त्यात ठेवा. डावीकडे ६४ बिटं, पण उजवीकडचं लिटरल (कोडात थेट लिहिलेली संख्या) इंटच, म्हणजे उणे एक, आणि ते ताणलं की ६४ च्या ६४ बिटं एक. खालची ३२ बिटं वेगळी काढायला लावलेला मास्क मग काहीच गाळत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही.

सीमध्ये ‘-१ < ४२९४९६७२९५’ खरं येतं. उजवी बाजू हेक्समध्ये लिहा, खोटं येतं. नेहमीच्या ३२ बिटांच्या इंटवर दशमान लिटरल मावलं नाही तर मोठा, पण चिन्हासहितचा प्रकार घेतं. हेक्स आधी अनसाइन्ड (बिनचिन्हाच्या) इंटमध्ये बसतं, आणि मग डावीकडचं उणे एकही अनसाइन्ड होऊन बसतं. संख्या तीच, लिहिण्याची पद्धत बदलली की निकाल उलटा. हे पोरांनी पहिल्या दिवशी बघू नये का?

वाशिष्ठी_काठ:
‘बंद कर’ म्हणणारा मीच. वरचं सगळं खरं आहे आणि सगळं भाषेच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं आहे. भाषा तपासणं हे भाषा बनवणाऱ्यांचं काम. जावास्क्रिप्टसाठी टेस्ट२६२ नावाचा अख्खा संच आहे, बिगइंटची (कितीही मोठ्या पूर्णांकांच्या प्रकाराची) हेक्स, ऑक्टल, बायनरी लिटरलं त्यात तपासलेली आहेत, इंजिनवाले तो संच चालवतात. तुम्ही काय मिऱ्यावर बसून व्ही८मध्ये (क्रोमच्या जावास्क्रिप्ट इंजिनात) चूक काढणार आहात? पोरांना महिन्याला चार शनिवार मिळतात, पावसाळ्यात त्यातले एकदोन लाइट नाही म्हणून फुकट जातात. उरलेल्यात गिट (कोडातल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकवा, डेटाबेस शिकवा. नोकरीच्या मुलाखतीत ऑक्टल कोणी विचारत नाही.

मालवणी_कट्टो:
माका एक सांगा, एवढी मोठी संख्या कोडात हातान लिहिता कोण? संख्या येतत त्या डेटाबेसातसून नायतर स्कॅनरातसून. लिटरल तपासून काय मिळाला?

देवगड_वाडी:
कट्ट्याशी सहमत. आमच्याकडे एका बागायतदार मंडळाने आंब्याच्या पेट्यांना १७ आकडी क्रमांक दिले: आधी तारीख, मग पेटीचा अनुक्रम. ब्राउझरवरच्या पानात २०२४०४१२००००० १२३५, १२३६ आणि १२३७ (जागा वाचायला सोडली आहे) या तिन्ही पेट्या १२३६ दिसायला लागल्या. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक नेमके धरतो, आणि आमचे क्रमांक जिथे होते तिथे तो चारचारच्या उडीने चालतो. एकाच क्रमांकाच्या तीन पेट्या म्हटल्यावर व्यापारी कुठली आपली म्हणणार! पण यात लिटरल कुठेच नव्हतं. क्रमांक जेसॉनमधून (डेटा पाठवायच्या मजकुरी साच्यातून) संख्या म्हणून येत होता, तो अवतरणचिन्हांत टाकला आणि प्रश्न मिटला. ज्याची बेरीज करायची नाही ते स्ट्रिंगच (मजकूरच) ठेवावं. बँकेच्या खातेक्रमांकालाही सुरुवातीला शून्य असतं, ते संख्या केलं की जातं.

मिऱ्याबंदर:
देवगड, स्ट्रिंगचा सल्ला शंभर टक्के बरोबर. पण त्या दुरुस्तीची टेस्ट कोण लिहितं? माणूसच, आणि हाताने. कट्ट्याच्या प्रश्नाला उत्तर हेच आहे: मोठ्या संख्या कोडात हाताने लिहिल्या जातात त्या टेस्टमध्ये. पोरगा जेसॉनमध्ये २०२४०४१२०००००१२३५ ही संख्याच ठेवतो, ती वाचतो, आणि अपेक्षित उत्तर म्हणून बिगइंटच्या कंसात तेच आकडे लिहितो, शेवटी एन (बिगइंटची खूण) न लावता. कंसातलं लिटरल बिगइंटकडे पोचायच्या आधीच नंबर होऊन १२३६ वर गेलेलं असतं. जेसॉनमधून आलेलंही १२३६. दोन्ही बाजू सारख्याच बिघडलेल्या, टेस्ट हिरवी (पास), आणि पोरगा खुशीत चहाला जातो. एन लावला असता किंवा कंसात स्ट्रिंग दिली असती तर टेस्ट लाल झाली असती. ज्याने मोजायचं ते मापच खोटं असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया. व्ही८मध्ये चूक काढायची नाहीये मला. व्ही८ नियमाप्रमाणेच वागतंय, पोराला नियम माहीत नाही.

वाशिष्ठी_काठ:
हा मुद्दा मानतो, पण यात बेस कुठे आला? तीच संख्या हेक्समध्ये लिहिली असती तरी जावास्क्रिप्टने तशीच गोल केली असती. मग ‘एन लावा’ हे एक वाक्य पुरे. चार बेसचा तक्ता कशाला?

शनिवारवाली_पोरगी:
सर, बेस पायथनमध्ये येतो. पायथनला संख्येच्या आकाराची मर्यादा नाही असंच आम्हाला शिकवलेलं. पण दशमानात ४३०० पेक्षा जास्त आकड्यांचं लिटरल दिलं की सिंटॅक्स एरर. तीच संख्या हेक्समध्ये दिली तर बिनतक्रार चालते. उलट एररच सुचवतो की हेक्समध्ये लिहा. मग ती नुसती प्रिंट करायला गेलं की पुन्हा एरर, कारण प्रिंट दशमानात होतं. हेक्सचे आकडे थेट बिटांत बसतात. दशमानाचं रूपांतर मात्र लांबी वाढेल तसं वर्गाच्या पटीत महाग होतं. कोणी लांबच लांब आकडे पाठवून सर्व्हर अडकवू नये म्हणून २०२२ साली ही मर्यादा आली.

वाशिष्ठी_काठ:
छान शोधलंस. पण आरएसए या कूटलेखनाची ४०९६ बिटांची किल्लीसुद्धा दशमानात १२३४ आकड्यांच्या पुढे जात नाही. हाताने ४३०० आकडे लिहिणारा माणूस आणून दाखवा, सुरमईची थाळी माझ्याकडून.

तेरेखोल:
तुम्ही दोघंही लिटरलला धरून बसलात. बेस चावतो तो लिटरल आणि स्ट्रिंग यांच्या मधल्या फटीत. जावास्क्रिप्टमध्ये कोडात ०ओ१७ (०ओ म्हणजे ऑक्टल) लिहा, १५. तीच स्ट्रिंग नंबरला द्या, १५. पार्सइंटला (स्ट्रिंगमधून पूर्णांक वाचणाऱ्या फंक्शनला) द्या, शून्य! ओ दिसला की तो तिथेच वाचन थांबवतो. ०एक्स मात्र त्याला कळतो. बिगइंटचं उणे हेक्स लिटरल कोडात बिनधास्त चालतं, तेच स्ट्रिंग करून बिगइंटला दिलं की एरर. आणि नुसतं ०१०? सी आणि जावात ८, रस्टमध्ये १०, पायथन ३ मध्ये एरर. माझ्या मते अभ्यास ठेवा, पण तक्त्यात बेसच्या शेजारी दुसरा रकाना हवा: कोडात लिहिलेलं आणि स्ट्रिंगमधून वाचलेलं. तो रकाना नसेल तर वाशिष्ठी म्हणतात तेच खरं, नुसती गंमत.

मिऱ्याबंदर:
रकाना घेतला. उद्याच तक्ता बदलतो.

शनिवारवाली_पोरगी:
अजून एक. आमच्या बॅचमधल्या एकाने पायथनमध्ये फाइलची परवानगी (ती ऑक्टलमध्ये वाचतात) ७५५ लिहिली, आधी ०ओ न लावता. दशमान ७५५ म्हणजे ऑक्टल १३६३. मालकाला लिहिता येतं, चालवता येतं, वाचता मात्र येत नाही. बराच वेळ तो डिस्कलाच दोष देत होता.

वाशिष्ठी_काठ:
७५५ ही मोठी संख्या झाली का आता?

मालवणी_कट्टो:
आमच्या बॅचच्या हजेरीपेक्षा मोठीच असा.

वाशिष्ठी_काठ:
ठीक. शेवटची वीस मिनिटं तुमची, तेरेखोलचा रकाना धरून. पण या शनिवारी आधी गिट. आणि लाइट गेली तर गिट पुढच्या शनिवारी, हेक्स त्याच्याही पुढच्या.

मिऱ्याबंदर:
लाइट गेली तर हेक्स कागदावर होतं. गिट नाही होत.