पायाखाली न फुटलेला बॉम्ब: हवाई फोटो पुरेसे की प्रत्येक पाईलआधी बोअर?

कागदआधी
जर्मन शहरांत पायाचं काम (पाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब) काढण्याआधी दुसऱ्या महायुद्धातले हवाई फोटो तपासतात. त्यात काही दिसलं नाही तर काम सुरू करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळा प्लॉट दीड-दीड मीटरवर भोकं (बोअर) पाडून तपासायचा म्हटलं तर बजेट पायाआधीच संपेल. त्यातून १९४५ नंतर तळघरासह इमारत झाली असेल तर माती उपसलेलीच असते.

मॅग्नेटो
साफ असहमत. न फुटलेल्या बॉम्बचा मोठा खड्डा नसतो, फक्त आत शिरल्याचं छिद्र असतं. २५० किलोच्या बॉम्बचा व्यास जेमतेम ३६ सेंमी. झाडाची सावली, साचलेलं पाणी, पडक्या घराचा राडारोडा, काहीही आड आलं की छिद्र दिसत नाही. फोटोची तारीखही बघा. शेवटच्या हल्ल्याआधीचा असेल तर त्या हल्ल्याबद्दल तो काय सांगणार? आणि तळघरासाठी उपसली तीन मीटर, बॉम्ब पाच-सहा मीटरवर! म्युनिकला १ डिसेंबर २०२१ रोजी रेल्वेच्या कामात ड्रिलिंग करताना २५० किलोचा बॉम्ब फुटला, चार जण जखमी झाले.

कागदआधी
पण भरावात सळ्या, जुने पाईप, केबल. मॅग्नेटोमीटर (जमिनीतलं लोखंड हुडकणारं यंत्र) सगळीकडेच ओरडणार.

मॅग्नेटो
पृष्ठभागावरून ओरडेल, म्हणून तर बोअर. ऑगर (माती कोरणारा स्क्रूसारखा ड्रिल) हळू फिरवायचा, ठोकायचं अजिबात नाही. अडथळा लागला की जोर न लावता थांबायचं. भोक १२० मिमीपर्यंत, आत पीव्हीसी केसिंग (अस्तराचा पाईप); लोखंडी घातलं की मोजणी बाद. मग प्रोब (मॅग्नेटोमीटरचा सेन्सर) सोडून खोलीनुसार वाचनं घ्यायची. प्रोबचा भरवसा बाजूला मीटरभराचाच, म्हणून दीड मीटरची जाळी. हे सगळं शीटपाईल (खड्ड्याच्या कडेनं जमिनीत उतरवलेले पोलादी पत्रे) बसवण्याआधी. नंतर केलं तर त्या पोलादाशेजारची वाचनं निरुपयोगी, आणि हादरे देऊन झालेले असतात ते वेगळंच.

ओरानियनबुर्ग_वाचा
हादऱ्यांची भीती उगाच नाही. बर्लिनजवळच्या ओरानियनबुर्गवर पडलेल्या बॉम्बमध्ये रासायनिक फ्यूज (स्फोट उशिरा घडवणारी यंत्रणा) होते: काचेची कुपी फुटून अॅसिटोन सेल्युलॉइडची चकती विरघळवतं, मग स्ट्रायकर (स्फोट घडवणारी, स्प्रिंगनं ताणलेली सुई) सुटतो. बॉम्ब जमिनीत वळून नाक वर करून थांबला, तर अॅसिटोन चकतीपासून दूर वाहतं. चकती तशीच जुनी होत राहते आणि स्ट्रायकर ताणलेलाच राहतो. गॉटिंगनला २०१० मध्ये अशाच फ्यूजच्या बॉम्बनं निकामी करणाऱ्या पथकातले तिघे गेले.

गोदीकर
मुंबईत १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळ्याचं जहाज गोदीत फुटलं. गोदी परिसरातल्या बांधकामाला हीच जाळी लावायची का?

मॅग्नेटो
नाही. तिथला दारूगोळा विमानातून टाकलेला नव्हता, स्फोटानं उडालेला होता. त्यामुळे खोल बोअरपेक्षा १९४४ ची जमिनीची पातळी, नंतरचा भराव आणि गाळ बघायला हवा. ३० सेंमीचे थर तपासत, देखरेखीखाली खोदाई जास्त उपयोगी.

कागदआधी
ठीक, पाईल आणि शीटपाईलच्या रेषेवर बोअर मान्य. पण एक मीटर खोलीच्या पार्किंगला, जिथे १९४५ नंतरचाच भराव दोन मीटर आहे, तिथे जाळी कशाला? निविदेत बोअरचा दर मीटरमागे आणि रिग (बोअर घेणारं यंत्र) थांबली तर दिवसाचा दर, दोन्ही वेगळे लिहा. नाहीतर बोअरमध्ये लोखंडाचा सिग्नल मिळाला की भुर्दंड कुणाचा यावर ठेकेदार आणि मालक भांडत बसतात.

मॅग्नेटो
भराव दोन मीटर आहे हे ट्रायल पिट (चाचणीचा खड्डा) घेऊन दाखवा, मग पार्किंगची जाळी सोडतो.