मदत हवी आहे: आरे-वारेच्या रस्त्याने आईला बॅटरीच्या गाडीतून न्यायचंय

मालगुंडची नात:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही म्हणून लिहिते.

माझी आई ७१ वर्षांची. माहेर मालगुंड. लग्न होऊन डोंबिवलीला आली आणि मग माहेरी जाणं गणपतीपुरतं, पुढे पुढे तेवढंही नाही. आता मामाचं घर बंदच असतं. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, पाखाडीच्या चार पायऱ्या उतरायच्या तरी हात धरावा लागतो. सहा वर्षांपासून दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे.

तिला गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीपर्यंतचा किनारा फिरवून आणायचाय. साधारण २५ किलोमीटरचा रस्ता. मोटारीतून सहज होईल, हे मला कळतं. पण आईला समुद्र नुसता बघायचा नाहीये, तिला गाज ऐकायचीय. लहानपणी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या गाज ऐकू यायची, हे तिने मला इतक्यांदा सांगितलंय की ते घर न पाहिलेल्या माझ्या मुलीलाही पाठ झालंय.

मे महिन्यात आम्ही साधी रिक्षा करून गेलो होतो. श्रवणयंत्र माणसाचा आवाज मोठा करतं तसा इंजिनाचाही करतं. भंडारपुळं यायच्या आत आईने दोन्ही यंत्रं काढून पर्समध्ये ठेवली. पुढचा सगळा समुद्र तिने तसाच, आवाजाशिवाय पाहिला. वरच्या वळणावर उतरून यंत्रं पुन्हा घातली तर दुपारच्या वाऱ्याचा नुसता फडफडाट. दोन मिनिटांत म्हणाली, "चल, जाऊया."

म्हणून बॅटरीच्या गाडीचा विचार आला. दिवाळीत दुसऱ्या एका किनाऱ्यावर अशी सहल घेतलीही. चार जणांची उघडी ई-रिक्षा, सोबत माहिती सांगणारा मुलगा. सपाटीवर फार छान वाटलं, आई हसत होती. पण पहिल्याच घाटीत गाडी तापली, थांबली आणि हातभर मागे आली. आईला उतरवून चढ चालवत न्यावं लागलं. तो मुलगा बिचारा मनापासून माफी मागत होता, चूक त्याची नव्हती. चढाला ती गाडी चालणार नाही, हे सहल विकणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं.

तर विचारायचंय ते असं: आरे-वारेचा चढ चार माणसं घेऊन बिनधास्त चढेल अशी, आवाज न करणारी, उघडी गाडी कोणती? रत्नागिरी किंवा गणपतीपुळ्यात ती चालवणारं आणि त्या भागाची माहिती असणारं कोणी आहे का? दिवसातली कोणती वेळ धरावी? आणि घरात कोणाला श्रवणयंत्र असेल तर वाऱ्याचं काय करता? वेळेची आणि पैशांची घाई नाही, दिवसभर लागला तरी चालेल.

वीजवाला:

ताई, तुमची गाडी का थांबली ते आधी सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी काय विचारायचं ते तुम्हालाच कळेल.

ई-रिक्षा म्हणून जी मिळते तिला कायद्याने ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असते आणि ती सपाट शहरी रस्त्यासाठी बनवलेली असते. माणसं धरून तिचं वजन ७०० किलो समजा, मोटर १२०० वॉट. दहा मीटर गेल्यावर एक मीटर चढेल अशा घाटीत ही मोटर पूर्ण ताकद लावूनही ताशी सहा-साडेसहा किलोमीटरच जाईल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकी. त्या वेगात मोटरला वारा लागत नाही आणि वीज मात्र पूर्ण जात असते, म्हणून ती तापते. बिनलायसन्सच्या २५० वॉटच्या छोट्या स्कूटरवर दोघं बसले की तीच गत, तिथे तर ताशी साडेचार किलोमीटर.

लोक घाबरतात ते चढावर बॅटरी संपेल म्हणून. ती भीती अनाठायी आहे. ७०० किलो वजन शंभर मीटर उंच न्यायला एक युनिटाचा पाचवा भागही लागत नाही, वाया जाणारी वीज धरली तर पाव युनिट. बॅटरी कितीची आहे यापेक्षा मोटर किती ताकदीची आहे ते विचारा.

तुम्हाला ई-रिक्षा नको, इलेक्ट्रिक ऑटोरिक्षा हवी. नावं सारखी वाटतात, गाड्या वेगळ्या. ऑटोरिक्षाची मोटर मोठी, बॅटरी आठ-दहा युनिटांची, आणि ती नेहमीच्या रिक्षासारखी घाट चढते. नंबरप्लेट बघा: हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती भाड्याने चालवायला नोंदलेली गाडी. पांढरी अक्षरं म्हणजे खासगी. रिसॉर्टच्या आवारात फिरतात त्या बग्ग्या पाटीशिवाय असतील तर रस्त्यावर नकोतच, अपघात झाला तर विम्याचा प्रश्न येतो.

अजून एक. उतारावर मोटर उलटी वीज बनवून गाडी रोखते, पण बॅटरी काठोकाठ भरलेली असताना हा मोटरचा ब्रेक नीट लागत नाही, कारण परत आलेली वीज ठेवायला जागा नसते. पहिल्या उताराला चालकाने साध्या ब्रेकवरच हळू घ्यावं.

मिऱ्या बंदर:

मी रत्नागिरीचा. मार्गदर्शकासह तयार सहल शोधत बसू नका, ओळखीने जमवा. आमच्या आळीत एका काकांनी इलेक्ट्रिक रिक्षा घेतलीय. ते मूळचे नेवऱ्याकडचे, त्या रस्त्याचा दगडन् दगड त्यांना ठाऊक. विचारून तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करतो.

वेळेचं मात्र ऐका. दुपारी जाऊ नका. शाळेत शिकलो ते मतलई आणि खारे वारे इथे रोज दिसतात. रात्रभर जमीन गार होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद. दहा-अकरानंतर जमीन तापली की तो फिरतो आणि समुद्रावरून येतो, आणि दुपारी वळणावर टोपी राहात नाही डोक्यावर. तुम्ही मे महिन्यात दुपारी गेलात, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेनऊपर्यंतचा वेळ तुमचा.

गाज ऐकायची तर भरतीही हवी. ओहोटीला पाणी लांब जातं, वरच्या रस्त्यावर आवाज निम्मा होतो. आमच्याकडचा हिशेब: तिथीला तीनने गुणून चारने भागा, येईल तो भरतीचा वाजलेला टाइम. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला जोर नसतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पण भरती सव्वाअकराच्या सुमारास, तोवर वारा सुटलेला. म्हणून एकादशी-द्वादशी बघा, सकाळी भरतीही मिळते आणि जोरही बरा असतो. शनिवार-रविवार टाळा, त्या वळणावर मोटारी आणि हॉर्न यांशिवाय काही ऐकू येत नाही.

आणि कोणी गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर उतरवतो म्हणाला तर नाही म्हणा. खारं पाणी जोडण्यांत गेलं की गाडी खराब होते, ते त्याचं तो बघेल. पण आपल्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, हिवाळ्यातच. वरून चाक गेलं तर खालचं घरटं कोणाला दिसत नाही.

कानाचं काम करणारी:

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून श्रवणयंत्राबद्दल लिहिते. तुमच्या आईंना मे महिन्यात गाज ऐकू आली नाही त्याला इंजिन आणि वारा यांच्याइतकंच स्वतः यंत्रही कारण असू शकतं.

डिजिटल यंत्र बोलणं उचलायला बनवलेलं असतं. पंख्याची घरघर, रस्त्याची गुणगुण असा सतत एकसारखा येणारा आवाज आला की ते त्याला गोंगाट समजून दाबतं. समुद्राची गाज त्याला तशीच वाटते. म्हणजे गाडी कितीही शांत घेतलीत तरी यंत्र समुद्रालाच बाजूला सारणार.

उपाय सोपा आहे. जाण्याआधी तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडे जा आणि गोंगाट कमी करणारी सोय बंद असलेला एक जास्तीचा प्रोग्रॅम टाकून घ्या. बऱ्याच यंत्रांत संगीत ऐकण्यासाठी असा प्रोग्रॅम असतोच, फक्त चालू करून दिलेला नसतो. वाऱ्याचा फडफडाट कमी करणारी सोय वेगळी असते, ती राहू द्या. आईंना बटण दाबून प्रोग्रॅम बदलायची घरी आठवडाभर सवय करू द्या.

वयाने कान जातात तेव्हा बारीक, वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. लाट फुटल्याचा घुमार त्यांना यंत्राशिवायही थोडा येत असेल. पण पाणी परत जाताना वाळूवरून होणारी सळसळ यंत्राशिवाय येणार नाही. बोलण्यातले स, श, फ हे आवाजही तसेच बारीक असतात, म्हणून माहिती सांगणाऱ्याने गाडी चालवताना पाठमोरं बोलू नये. गाडी थांबवून, समोर उभं राहून, ओठ दिसतील असं सांगावं. कानांवरून पातळ सुती ओढणी सैल घेतली तर वारा अडतो. घट्ट बांधली तर यंत्र शिट्टी मारतं. रात्री यंत्रं सिलिका जेलच्या डबीत ठेवा, खारी हवा त्यांना बाधते.

मालगुंडची नात:

सगळ्यांचे मनापासून आभार. कानाचं काम करणाऱ्या ताई, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. यंत्र गाजेला गोंगाट समजतं हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझा कान अगदीच मेला नाही तर." सहा वर्षं ती तसंच समजत होती, आणि मलाही ते कधी विचारायचं सुचलं नाही.

प्रोग्रॅम टाकून घेतलाय. पहिले दोन दिवस भांड्यांचा आवाज सोसवत नव्हता, आता सवय झाली. मिऱ्या बंदर दादा, काकांशी बोलणं झालं. एकादशीला आईचा उपास असतो, गोळ्या उपाशीपोटी घेता येत नाहीत, म्हणून द्वादशी धरलीय. बाराला तीनने गुणून चारने भागलं तर नऊ. दिवस मंगळवार. बरोबर ना हिशेब?

मिऱ्या बंदर:

बरोबर. साडेसातला पुळ्यातून निघा. आदल्या रात्री काका गाडी तुमच्या मुक्कामी लावतील. खोलीतल्या पंख्याच्या नव्हे, गिझरच्या १५ अँपियरच्या बोर्डावर चार्जिंग लावू द्या म्हणून मालकांना आधीच सांगून ठेवा, आणि त्यांना विजेचे पैसे द्या. आमच्याकडे रात्री लाइट जाते, म्हणून संध्याकाळीच लावा.

मालगुंडची नात:

जाऊन आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना सांगायलाच हवं.

रात्री खरंच दीड तास लाइट नव्हती, पण तोवर बॅटरी भरत आली होती. सकाळी ९८ टक्क्यांवर निघालो. काकांनी आधी उलटं मालगुंडला नेलं. केशवसुतांच्या स्मारकाजवळ थांबलो, मग मामाच्या घराच्या पाखाडीपाशी. आईने उतरायचं नाही म्हटलं, गाडीतूनच बघितलं. तिथे आम्ही फार वेळ काढला नाही.

आरे-वारेची घाटी गाडीने रिक्षासारखी चढली, मोटरचा बारीक सूंऽऽ असा आवाज तेवढा. काका ताशी वीसच्या वर गेलेच नाहीत. वाटेत काही सांगायचं असलं की गाडी कडेला घ्यायचे, उतरून आईसमोर उभे राहायचे आणि मग बोलायचे. मी सांगायच्या आधीच. मिऱ्या बंदर दादा, हे तुम्ही त्यांना कळवलं होतंत, ते मला मागाहून समजलं.

वरच्या वळणावर साडेआठच्या सुमारास पोचलो. पूर्ण रस्त्यावर आम्हीच. वारा पाठीकडून, अगदी हलका. काकांनी चावी फिरवून गाडी बंद केली. आईने बटण दाबून प्रोग्रॅम बदलला. खाली पाणी सुरूच्या बनाच्या बाजूला बरंच वर आलेलं. ती गाडीतच बसून होती, मान थोडी वाकडी करून, रेडिओला कान लावल्यासारखी. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने तिने हाताने लाटेची खूण केली, हात पुढे नेला आणि हळूहळू मागे आणला. मागे येताना म्हणाली, "हे. हे जाताना वाजतं ना, ते मला आठवतच नव्हतं."

सव्वानऊपर्यंत बसलो. मग एक बस आली, पन्नासेक मुलं उतरली आणि आम्ही निघालो. रत्नागिरीत पोचलो तेव्हा बॅटरी ७१ टक्के होती, वीजवाला दादांसाठी मुद्दाम टिपून ठेवली. भाड्यावर थोडे जास्त द्यायला गेले तर काकांनी घेतले नाहीत. आईने त्यांच्या नातवासाठी खाऊचे म्हणून दिले, ते घेतले.

आता तिला मालगुंडहून वर जयगडला जायचंय, दीपगृहापर्यंत. त्या रस्त्याला सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) जाताना चढ किती आहे, आणि जयगडला गाडी चार्जिंगला लावू देईल असं कोणी ओळखीचं आहे का? पुढच्या महिन्यातली द्वादशी डोळ्यांसमोर आहे.