‘अटॅचमेंट’ला मराठीत काय लिहू?

शब्दखोर: सोलापुरातल्या एका पालकसभेसाठी छोटी पुस्तिका मराठीत करतेय. लहानपणी घरात जे मिळतं किंवा मिळत नाही, ते मोठेपणीच्या नात्यांत कसं उतरतं, हा विषय. गाडं ‘अटॅचमेंट’वर अडलंय. मैत्रीण म्हणते ‘आसक्ती’. ‘सुरक्षित आसक्ती’ वाचून पालकांना कीर्तनाला आल्यासारखं वाटेल!

हुरडापार्टी: आसक्ती सोडा म्हणून गीता सांगते, आणि तुम्ही ती बाळाला चिकटवताय? सरळ ‘लळा’ लिहा.

धातुपाठ: लळा म्हणजे लल्, लालन, लाड. त्यात कौतुक आलं. ‘अटॅचमेंट’चा सिद्धांत मांडणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी, त्यांचा मुद्दा कौतुकाचा नव्हता. घाबरलेलं मूल कुणाकडे धाव घेतं, हा होता. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षा-दीड वर्षाची मुलं पाहिली. अनोळखी खोली, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. काही मुलं रडून तिच्या कुशीत शांत होतात. काही बिलगतात आणि तिला ढकलतातही. काही तिच्याकडे बघतही नाहीत, खेळत राहतात. पुढच्या अभ्यासात या शेवटच्यांच्याही छातीचे ठोके वाढलेले दिसले. त्यांना लळा नाही म्हणणार?

चाटीगल्ली: मग ‘बंध’. नाहीतर अटॅचमेंटच ठेवा, टेबल-खुर्चीला कुठे मराठी शोधतो आपण?

हुरडापार्टी: ठेवा. अर्धे लोक ईमेल उघडून बघतील.

पूर्वभाग: आमचं घर तेलुगू. आई विड्या वळायची. तिनं जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. पण मी पाठीला टेकून बसलो की मांडीवरचं सूप सांभाळत तशीच बसायची, कातर लांब पडली असली तरी उठायची नाही. याला लळा म्हणा की बंध, तुम्ही ठरवा. आम्ही काहीच म्हणत नव्हतो.

शब्दखोर: हे पुस्तिकेत घेऊ का? आणि ते न बघणारं मूल मोठं झाल्यावर? हॅझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये हेच प्रकार प्रेमातल्या मोठ्या माणसांना लावून पाहिले. अशाला ‘टाळणारा’ म्हणणं फार कोरडं वाटतं.

चाटीगल्ली: अबोल लिहा. आमचे वडील अबोला धरायचे. आई समोर उभी, आणि मला सांगायचे, “तुझ्या आईला सांग, किल्ली खुंटीला आहे.” आता बायकोशी वाजलं की माझीच वाचा बसते. ती म्हणते अबोला धरलास. मी काही धरत नाही, तोंडच उघडत नाही!

धातुपाठ: अबोल हा स्वभाव, अबोला हे हत्यार. गल्लत नको.

पूर्वभाग: आणि रुसवा तिसराच. रुसणाऱ्याला कुणीतरी समजूत काढायला हवं असतं. तेलुगूत ‘अलक’. लग्नात नवरदेव हक्कानं रुसून बसतो, मागितलेलं मिळालं की उठतो.

हुरडापार्टी: तो रुसवा नाही बे, वसुली आहे.

धातुपाठ: विषयावर या. आणि बाई, घरातून उतरणाऱ्या वागण्याच्या ‘पॅटर्न’ला तरी ‘आकृतिबंध’ करा.

चाटीगल्ली: कशाला? ‘घरचं वळण’ आहे की.

धातुपाठ: वळण मुद्दाम लावतात. हे नकळत लागतं.

चाटीगल्ली: पोराला वाईट वळण लागतं तेव्हा कोण मुद्दाम लावायला जातं?

धातुपाठ: तिथे ‘वाईट’ जोडावं लागलं ना? नुसतं ‘वळण’ म्हटलं की चांगलंच.

हुरडापार्टी: आमच्या शाळेत अक्षराला वळण नाही म्हणून मार पडायचा. ते कुठल्यात धरता?