मदत हवी आहे: सुपरचार्जरमध्ये हवा नेमकी कुठे दाबली जाते?

नमस्कार मंडळी,

ओळखीच्या मेकॅनिककडे इंजिनवरून उतरवलेला रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) होता. त्याची पुली हाताने फिरवून पाहिली. आत दोन रोटर एकमेकांच्या खाचांतून फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत, मध्ये अगदी बारीक फट राहते. टोकाला गिअरची जोडी आहे, तिच्यामुळे त्यांचा मेळ चुकत नाही. हे पाहत किती वेळ गेला कळलंच नाही!

पण घरी आल्यापासून डोकं चालेनासं झालंय. रोटर आणि भिंत यांच्यामधला हवेचा कप्पा इकडून तिकडे जातो, वाटेत लहान काही होत नाही. मग दाब येतो कुठून?

शिवाय याचा पट्टा क्रँकशाफ्टवरून, म्हणजे इंजिनच्याच मुख्य दांड्यावरून, फिरतो. टर्बो निदान वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर चालतो. इथे इंजिनचीच ताकद घेऊन इंजिनची ताकद वाढते कशी? कृपया कुणीतरी उलगडून सांगा, आकडेमोड असली तरी चालेल.

प्रतिसाद:

तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे. रूट्स आत हवा दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो. (ट्विन-स्क्रू या दुसऱ्या प्रकारच्या सुपरचार्जरची गोष्ट वेगळी, त्यात कप्पा खरोखर आक्रसतो.) दाब तयार होतो इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत. २ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात साधारण १ लिटर हवा ओढतं. ब्लोअरने (म्हणजे याच सुपरचार्जरने) तेवढ्यात दीड लिटर आणून ओतली की दाटी होणारच. म्हणून ब्लोअरची पुली लहान बसवली की तो जास्त वेगाने फिरतो आणि बूस्ट, म्हणजे हा जादा दाब, वाढतो.

ताकदीचं म्हणाल तर अडतं ते हवेपाशी. पेट्रोल हवं तेवढं फवारता येतं, पण १ किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. जादा हवा आली की जादा पेट्रोल जळतं, आणि त्यातून मिळणारी ताकद ब्लोअर ओढतो त्यापेक्षा बरीच जास्त असते. पट्टा नुसता हवा आणून देतो, ऊर्जा पेट्रोलचीच.

मात्र दाबलेली हवा तापते, विरळ होते, नॉकिंगची (इंधन अवेळी आपोआप पेटण्याची) भीती वाढते. त्यासाठी पुढे हवा थंड करणारा इंटरकूलर लावतात.

प्रश्नकर्ता:

मनापासून आभार, दाटीचं एकदम पटलं! ॲक्सिलरेटर सोडल्यावर मात्र पट्टा फिरतच असतो, मग ती हवा जाते कुठे?

प्रतिसाद:

बऱ्याच गाड्यांत बायपास व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की हवा ब्लोअरच्या तोंडाशी परत येते, दाब चढत नाही आणि इंजिनवरचा भारही उतरतो.