ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचा) सुकलेला गाळ वीटभट्टीला दिला तर चालेल का?

सूतरंग_सोलापूर:
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलच्या सुताचं छोटं डाईंग आहे. वडिलांनंतर तीन वर्षं मीच बघतो. रंगाच्या पाण्यात चुना आणि हिराकस टाकून गाळ खाली बसवतो, वाफ्यावर सुकवून पोत्यांत भरतो. आज 64 पोती पडून आहेत. मागच्या जूनमध्ये ताडपत्री उडाली आणि एका वळवाच्या सरीत निळं पाणी वॉचमनच्या खोलीपर्यंत गेलं. त्याची धाकटी त्यात खेळत होती. तेव्हापासून आभाळ भरून आलं की मला झोप लागत नाही.
आता एक जण म्हणतो, टेम्पो माझा, पैसे नको, विटेच्या मातीत मिसळून टाकतो. देऊ का?

जुना_केमिस्ट:
देऊ नका. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक गाळ घातक कचऱ्यात येतो, यादीतला अनुक्रमांक 35.3. त्याचा असा वापर करायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची वेगळी परवानगी लागते. भट्टीत रंग जळेल, पण रंगातले जड धातू जळत नाहीत, ते विटेत किंवा राखेत राहतात. त्या धुराला गाळणीही नसते.
सिमेंटच्या भट्टीचं वेगळं. तिथे 1400 अंशांच्या वर तापमान असतं आणि राख क्लिंकरमध्येच (सिमेंटच्या भाजलेल्या खड्यांत) मुरते. अशा भट्ट्या आपल्याला जवळ म्हणजे कर्नाटकात वाडी, सेडम, मळखेडकडे. पण तुमच्या गाळात चुनाच जास्त, जळण्यासारखं थोडं. त्यामुळे नमुना तपासल्याशिवाय कोणी हो म्हणणार नाही, शिवाय राज्याची हद्द ओलांडायची म्हणजे कागद वाढले. नाहीतर रांजणगावचं घातक कचऱ्याचं केंद्र आहे. तिथे खाली दुहेरी अस्तर घालून गाळ पुरतात आणि झिरपणारं पाणी गोळा करतात.
आणि एक विचारतो, जार टेस्ट, म्हणजे भांड्यात थोडं पाणी घेऊन चुन्या-हिराकसचा योग्य डोस ठरवायची चाचणी, शेवटची कधी केली? ऑपरेटर चुना अंदाजाने ओततात, तो अर्धा विरघळत नाही आणि गाळ म्हणून तुमच्याच पोत्यात येतो. डोस बसवला की पोतीच कमी होतील. माझ्या मते सुरुवात तिथूनच करा.

लूमवाली_ताई:
दादा, साठवायची मुदत 90 दिवस आहे. वर्षाला 10 टनांच्या आत असाल तर मंडळ 180 पर्यंत वाढवून देऊ शकतं, लगेच अर्ज टाका. गाडी परवानाधारकाचीच हवी. मॅनिफेस्टच्या (गाळासोबत जाणाऱ्या वाहतूक-पत्राच्या) सात प्रती निघतात, त्यातली पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन आपल्याकडे ठेवायची. आम्ही तीन युनिट मिळून एक गाडी बोलावतो, कागद मात्र ज्याचे त्याचे. भाडं निम्म्याहून खाली आलं.
रंगाची रिकामी पिंपंही याच नियमात येतात, 33.1. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळे कामावरच्या बायका पिंप मागतातच. मीही पूर्वी दिलीत, आज त्याचं फार वाईट वाटतं. आता कोरी पिंपं विकत आणून देते.

सूतरंग_सोलापूर:
टेम्पोवाल्याला आत्ताच नाही म्हणून कळवलं. सोमवारी नमुना लॅबला देतो, जार टेस्ट स्वतः उभा राहून करून घेतो. पोती आज रात्रीच शेडमध्ये सिमेंटच्या ओट्यावर हलवतोय. ताई, तुमच्या गाडीत पुढच्या खेपेला जागा असेल का? आणि वॉचमनच्या घरी तीन पिंपं आमचीच आहेत. उद्या सकाळी बदलून देतो.