मदत हवी आहे : एचएमव्हीच्या एलपींची श्रवणसत्रे, तबकड्यांची निवड आणि वाजवण्याविषयी काही प्रश्न

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या रामबाग भागातील आमच्या वाचनालयात येत्या आषाढापासून महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, अशी सहा सत्रे एकत्र बसून एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या ‘लाँग प्लेइंग’ तबकड्या) ऐकण्याचे ठरले आहे. टर्नटेबल, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एका सभासदांनी दिले आहेत, तबकड्या सभासदांच्या घरून येणार आहेत आणि निवडीचे काम माझ्याकडे आले आहे. सहाही सत्रांतील तबकड्या एचएमव्हीच्या, म्हणजे ग्रामोफोन कंपनीच्या घराण्यातल्या असाव्यात आणि संगीतप्रकार मात्र दर वेळी वेगळा असावा, एवढीच अट आम्ही घालून घेतली आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित करणाऱ्या या कंपनीने पुढे ख्याल, नाट्यपदे, भावगीते, भजने, गझला, चित्रपटगीते असे सगळेच काढले आणि तिच्या दमदमच्या कारखान्यातून बीटल्सच्या तबकड्याही बाहेर पडल्या, त्यामुळे वगळायचे काय हाच खरा पेच आहे.

मी एक निकष ठरवला आहे. ज्या तबकडीतील संगीत एलपीसाठीच, तिच्या दोन बाजूंचा विचार करून रचलेले किंवा गायलेले आहे तीच घ्यायची. जुन्या गाण्यांचे संकलन घ्यायचे नाही. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्या वेळात राग उभा करणाऱ्या गायकांची विद्या वेगळीच होती आणि तिच्याविषयी मला अपार आदर आहे. तरीही एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली तेव्हा गायकाला श्वास घ्यायला, थांबायला आणि एका स्वरावर रेंगाळायला जी जागा मिळाली ती आजच्या श्रोत्याला सलग बसून अनुभवता यावी, असे मला मनापासून वाटते. मोबाइलवर एकेक गाणे निवडून ऐकणाऱ्या आमच्या तरुण सभासदांना बाजू संपेपर्यंत उठायचे नाही ही शिस्तच नवी आहे.

पहिल्या सत्राबद्दल माझ्या मनात शंका नाही. उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी ही १९६० सालची एलपी, क्रमांक ईएएलपी १२५३, इंदूरमध्ये सुरुवातीला वाजली नाही तर दुसरीकडे कुठे वाजायची? खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबाराशी संबंधित होते, खाँसाहेबांचे बालपण याच शहरात गेले आणि देवासच्या रजब अली खाँ यांच्या गायकीचे संस्कार त्यांच्यावर झाले. झूमरा तालातील त्यांचा अतिविलंबित ख्याल तीन मिनिटांच्या तबकडीत मावणे शक्यच नव्हते, कारण त्या लयीत दोन-चार आवर्तने होतात न होतात तोच सुई मधल्या लेबलपाशी पोहोचली असती. मारव्यात ते षड्ज किती वेळ टाळतात, रिषभ आणि धैवतावर किती निवांत उभे राहतात आणि षड्ज लागतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काय येते, हे ती बाजू अखंड ऐकल्याशिवाय कळत नाही. मारवा सूर्यास्ताचा राग असल्याने सत्राची वेळही त्याप्रमाणेच धरली आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रासाठी १९६७ हे साल मला खुणावते. त्या वर्षी शिवकुमार शर्मा (संतूर), ब्रिजभूषण काबरा (गिटार) आणि हरिप्रसाद चौरसिया (बासरी) यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ निघाली. अहिर भैरवापासून पहाडीपर्यंतच्या रागांतून काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस मांडण्याची ही कल्पना एलपीवाचून सुचलीच नसती. त्याच वर्षी लंडनमध्ये याच कंपनीच्या पालक संस्थेने, ईएमआयने, बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ काढली. तिच्या दुसऱ्या बाजूची सुरुवात जॉर्ज हॅरिसनच्या सतार-तंबोऱ्याच्या रचनेने होते. यहुदी मेन्युहिन आणि रविशंकर यांची ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ही त्याच सालची. या तिन्ही एका सत्रात बसवाव्यात की ‘सार्जंट पेपर’ला स्वतंत्र संध्याकाळ द्यावी, याबद्दल मत हवे आहे.

मराठीत ‘शिवकल्याण राजा’ (१९७४) निश्चित केली आहे. लताबाईंचा जन्म इंदूरचा हे कारण आहेच. परंतु समर्थ, भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशा निरनिराळ्या काळांतील कवींना हृदयनाथांनी एका सूत्रात ओवले आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्या निवेदनाने पदे एकमेकांना जोडली गेली, म्हणून ती माझ्या निकषावर पूर्ण उतरते. गीतरामायण मात्र आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत अशा रीतीने १९५५-५६ मध्ये घडले आणि छप्पन्न गीते एका संध्याकाळी होणे नाही, म्हणून जड मनाने बाजूला ठेवले आहे.

माझे प्रश्न असे. नाट्यसंगीतात माझ्या निकषात बसणारी कोणती एलपी घ्यावी? गझलेसाठी जगजित आणि चित्रा सिंह यांची ‘दि अनफरगेटेबल्स’ (१९७६) योग्य ठरेल का? एकाच एलपीच्या जुन्या आणि नव्या प्रती मिळत असतील तर कोणती निवडावी, मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) की स्टिरिओ (दोन वाहिन्यांचा)? आणि वर्षानुवर्षे माळ्यावर पडून बुरशी धरलेल्या तबकड्या सुरक्षितपणे कशा स्वच्छ कराव्यात?

प्रतिसाद (देवासहून)

ताई, नाट्यसंगीताचे उत्तर तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. कुमार गंधर्वांची ‘मला उमजलेले बालगंधर्व’ घ्या. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमारजी हवापालटासाठी देवासला आले, काही वर्षे गाणे थांबले आणि त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्यातील बायकांची गाणी, निर्गुणी भजने आणि मनात साठलेले जुने स्वर पुन्हा नव्याने ऐकले. बालगंधर्वांची पदे त्यांनी गायली ती नक्कल म्हणून नव्हे. एका थोर गायकाला दुसरा थोर गायक कसा समजला, याचे ते गाऊन केलेले विवेचन आहे, आणि म्हणून ती संकलन नसून एक संपूर्ण विचार आहे. शक्य झाल्यास एखादे पद आधी बालगंधर्वांच्या लाखेच्या तबकडीवर ऐकवा आणि मग कुमारजींचे लावा. श्रोत्यांना वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.

प्रतिसाद (वडोदऱ्याहून)

आपल्या योजनेचे मनापासून स्वागत करतो, परंतु निकषाला माझा आक्षेप आहे. आमच्या बडोद्याचे उस्ताद फैयाज खाँ १९५० मध्येच गेले. एलपीचे युग त्यांच्या वाट्याला आले नाही आणि त्यांच्या नावाने ज्या एलपी निघाल्या त्या मागाहून, जुन्या मुद्रणांवरून तयार झालेल्या आहेत. आपला निकष काटेकोरपणे लावला तर आग्रा घराण्याचा हा सूर्य आपल्या सभागृहात उगवणारच नाही. त्यांच्या नोमतोम आलापातला भारदस्तपणा तुटक मुद्रणांतूनही अंगावर येतो, म्हणून संकलनांसाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

चित्रपटसंगीताचा तर आपण उल्लेखच केलेला नाही, आणि या कंपनीचा संसार ज्यावर चालला ते चित्रपटसंगीतच होते. ‘पाकीजा’चे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्ये वारले आणि चित्रपट लागला १९७२ मध्ये. त्यांनी बांधलेली कितीतरी गाणी चित्रपटात आलीच नाहीत. ती पुढे ‘पाकीजा रंग-बरंग’ या स्वतंत्र एलपीत १९७७ मध्ये आली. पडद्यावर कधीच न दिसलेल्या गाण्यांची ही तबकडी आपल्या निकषाला धक्का न लावता चित्रपटसंगीताची जागा भरून काढेल.

‘दि अनफरगेटेबल्स’ जरूर घ्या. गिटारसारखी वाद्ये सोबतीला घेऊन गझल बैठकीतून दिवाणखान्यात आली तो बदल तिच्यात स्पष्ट ऐकू येतो. मात्र तिच्या आधी बेगम अख्तर यांची एखादी बाजू वाजवावी, म्हणजे काय मागे राहिले तेही कळेल.

प्रतिसाद (पुण्याहून)

तांत्रिक प्रश्नांपुरते लिहितो. क्रमांकाच्या आधीची अक्षरे पाहावीत : ईएएलपी आणि ईसीएलपी या मालिका मोनो आहेत, ईएएसडी आणि ईसीएसडी स्टिरिओ. मूळ मुद्रण मोनो असेल तर मोनो प्रतच घ्यावी, कारण अशा मुद्रणाला पुढे कृत्रिम स्टिरिओचे रूप दिलेले असेल तर आवाज पसरट आणि विरळ लागतो. मोनो तबकडी लावताना ॲम्प्लिफायरवरील मोनोचे बटण दाबावे. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत कोरलेले असते, तर धूळ आणि चरे यांची खरखर उभ्या हालचालीतही येते. बटण दाबले की ती उभी हालचाल गळून पडते आणि गाणे एकदम स्वच्छ होते.

पहिली आवृत्ती मिळवण्याच्या मागे फार लागू नये. लेबल कितीही जुने असले तरी खाचा झिजल्या असतील तर उपयोग नाही. पूर्वी घरोघरी असलेल्या पेटीवजा प्लेयरच्या हातांचा दाब जास्त असे आणि सुई बदलायची असते हेच अनेकांना ठाऊक नसे, म्हणून त्यावर पुष्कळ वाजलेली तबकडी चकचकीत दिसली तरी तारसप्तकात फाटते. ती विकत घेण्याआधी तिच्या शेवटच्या दोन मिनिटांचा भाग ऐकावा, कारण मध्याकडील खाचांत झीज सर्वांत आधी कळते.

देवासच्या सूचनेनुसार लाखेची तबकडी वाजवणार असाल तर सुई बदलणे अनिवार्य आहे. एलपीच्या सुईचे टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉनचे असते, ७८ च्या खाचेला ६५ ते ७५ मायक्रॉनचे टोक लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते आणि फक्त खरखर ऐकू येते. आपल्या टर्नटेबलला ७८ ची गती आहे का, हेही आधी पाहून घ्यावे.

बुरशीसाठी डिस्टिल्ड पाण्यात सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब घालून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने, गोलाकार पुसावे, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून उभी ठेवून वाळवावी. लेबल ओले होऊ देऊ नये. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. बुरशी धरलेली आतली कागदी पाकिटे टाकून द्यावीत, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात बुरशी परत येईल. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. एकावर एक आडव्या रचल्या की वाकतात, आणि माळव्यातला मे महिना माळ्यावर त्यांना सोसवत नाही.

प्रतिसाद (इंदूरहून)

कायद्याची एक बाजू लक्षात आणून देतो. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६० सालच्या मारव्याच्या मुद्रणावरील हक्क संपलेला आहे, परंतु १९६७ आणि नंतरच्या तबकड्यांचा नाही. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये, नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबसारख्या संस्थेने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून मुद्रण ऐकवल्यास ते उल्लंघन ठरत नाही, असा अपवाद आहे. आपले वाचनालय त्यात बसावे. तरीही तिकीट लावू नये, प्रायोजक घेऊ नये आणि सत्राचे चित्रण इंटरनेटवर टाकू नये. तो अपवाद तेथवर पोहोचत नाही.

जाता जाता, आपल्या गावाजवळ पिगडंबर येथे लता दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाचे ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. ७८ वाजवण्याची व्यवस्था आणि जुन्या प्रतींची पारख, या दोन्हींसाठी तेथे एकदा जाऊन यावे.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फैयाज खाँसाहेबांविषयीचा आक्षेप मला पूर्ण पटला. सहा सत्रांच्या मालिकेत निकष तसाच ठेवून त्यांच्यासाठी सातवी संध्याकाळ वाढवण्याचे कार्यकारिणीला सुचवले आहे, आणि त्या दिवशी अशाच, एलपीच्या आधी गेलेल्या गायकांची मुद्रणे ऐकवू. क्रम आता असा राहील : अमीर खाँ, नंतर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आणि ‘वेस्ट मीट्स ईस्ट’मधली एक बाजू, मग ‘सार्जंट पेपर’ स्वतंत्रपणे, ‘शिवकल्याण राजा’, कुमारजींचे बालगंधर्व, आणि शेवटी बेगम अख्तर यांच्या बाजूनंतर ‘दि अनफरगेटेबल्स’. ‘पाकीजा रंग-बरंग’ची प्रत मिळाली तर ती चौथ्या क्रमांकावर घेऊन पुढची सत्रे एकेक महिना पुढे ढकलू.

आता दोन गोष्टी अडल्या आहेत. आमच्याकडे आलेल्या ईएएलपी १२५३ च्या प्रतीची दरबारीची बाजू उत्तम आहे, पण मारव्याची बाजू शेवटाकडे फाटते. इंदूर, देवास किंवा उज्जैन येथे कोणाकडे चांगली मोनो प्रत असेल तर एका संध्याकाळपुरती मिळावी, ती घरी येऊन नेण्याची आणि परत पोहोचवण्याची जबाबदारी वाचनालयाची. आणि ७८ च्या गतीचे चालू स्थितीतील टर्नटेबल, रुंद सुईच्या काट्रिजसह (सुई बसवलेल्या भागासह), भाड्याने देणारे कोणी इंदूरमध्ये माहीत असल्यास याच धाग्यावर कळवावे.